बाबांची सायकल, माझा पाना

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. नेहमीसारखं कोड, करिअर, स्टार्टअप वगैरे काही नाही. आज फक्त एका सायकलीबद्दल बोलणार आहे. मधे मधे नट-बोल्टची भाषा येईल. येत असेल तर ठीक, नसेल तर मलाही सात महिन्यांपूर्वी येत नव्हती.

तर झालं असं. रविवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. मी कोंढव्याकडून बोपदेव घाट चढतोय. पुण्यात सायकल चालवणाऱ्यांना बोपदेव माहीत असतो. लांब नाही, पण शेवटचा टप्पा माणसाला नम्र करतो. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, सीटवरून उठून, पूर्ण वजन टाकून पायडल मारतोय. अचानक मागून ‘कटाक्’ असा आवाज आला आणि त्यापाठोपाठ एक घाणेरडा खरखराट. पायडल जागच्या जागी थांबलं. मी पडलो नाही एवढंच. खाली बघतो तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलणारा तो भाग, चाकाच्या आऱ्यांमध्ये जाऊन अडकलेला. चार आरे तुटलेले. डिरेलर जिथे बसतो तो फ्रेमचा कान आत वाकलेला. आणि चाक फ्रेममध्ये तिरकं, जणू कुणीतरी मान मुरगळली आहे.

टेम्पो मिळेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात मी मनातल्या मनात त्या सायकलीचं श्राद्ध घालून टाकलं होतं.

सायकल माझी नाही, बाबांची. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, आयुष्यभर लेथवर. १९८६ साली त्यांनी ही रोड बाइक एका सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतली. तो सहकारी शर्यती खेळायचा. वाकलेलं हँडल, पातळ टायर, मागे ६ चकत्यांचं फ्रीव्हील, गिअरचे दोन छोटे दांडे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर. कसब्यातून पिंपरी, जाऊन येऊन ३० किलोमीटरच्या वर, कित्येक वर्षं. लेबलं कधीच उडाली होती. समोर कंपनीचा बिल्ला होता तिथे आता नुसती दोन भोकं. त्यामुळे ही सायकल नक्की कुणी बनवली हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. बाबांना पार्किन्सन्स आहे. निदान होऊन तीन वर्षं झाली. उजवा हात थरथरतो, आणि चालताना कधीकधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारातून बाहेर पडताना. ज्या माणसाने लोखंडातून मिलिमीटरचा शंभरावा भाग कापला, त्याला शर्टाचं बटण लावायला आईला हाक मारावी लागते. ते याबद्दल बोलत नाहीत. मीही विचारत नाही. आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

टेम्पोतून सायकल उतरवली तेव्हा बाबा गॅलरीत होते. खाली आले, हळूहळू. चाक काढायला लावलं. चाकातून एक्सलचे दोन तुकडे बाहेर आले. त्यांनी तुकडा हातात घेतला, तुटलेला पृष्ठभाग उन्हात धरला आणि म्हणाले, “हा आज तुटला नाही. बघ, अर्धा भाग काळपट आहे, अर्धाच चकाकतोय. भेग जुनी आहे. आज फक्त राहिलेलं तुटलं.”

मी गप्प. कारण चार महिन्यांपूर्वीही एक्सल तुटला होता, तेव्हा मी दुकानात जाऊन नवा टाकून घेतला होता आणि घरी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात आम्ही याला काय म्हणतो? सर्व्हर पडला, रीस्टार्ट केला, तिकीट बंद. का पडला हे बघायचं राहूनच जातं.

आता हा एक्सल का तुटतो ते सांगतो, कारण ही मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली. जुन्या सायकलींत चकत्यांचा जो गठ्ठा असतो, फ्रीव्हील, तो हबवर आट्यांनी बसतो. हबचे छर्रे त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या मध्याकडे असतात. म्हणजे काय झालं, उजवीकडे छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराविना लोंबकळत राहतो. चकत्या जितक्या जास्त, तितका हा तुकडा लांब. वजन तुमचं, खड्डे पुणे महापालिकेचे, आणि वाकायचं काम त्या बिचाऱ्या सळईने करायचं. यावर उत्तर म्हणून १९७८ मध्ये शिमानोने फ्रीहब बाजारात आणलं. त्यात खटखट आवाज करणारी यंत्रणा हबचाच भाग झाली आणि उजवीकडचे छर्रे पार फ्रेमच्या जवळ सरकले. आधार टोकाशी आला, वाकणं संपलं. एवढासा बदल. पण आपली सायकल त्या बदलाच्या अलीकडच्या पिढीतली.

शिवाय क्विक रिलीजवाल्या पोकळ एक्सलची एक गंमत आहे. तो तुटला तरी आतली बारीक सळई दोन्ही तुकडे आवळून धरते. तुम्ही आठवडेच्या आठवडे तुटक्या एक्सलवर फिरू शकता. गिअर थोडे नाचतात, ब्रेकला चाक घासतं, तुम्ही केबलला शिव्या घालता. मी घातल्या होत्या.

पण लागोपाठ दोन एक्सल? बाबांनी घरातला जाड दोरा मागवला. दोऱ्याचं टोक मागच्या एका खाचेला बांधायचं (ड्रॉपआउट म्हणतात त्याला, चाक बसतं ती खाच), दोरा पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेला आणायचा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं दोऱ्याचं अंतर मोजायचं. फ्रेम सरळ असेल तर अंतर सारखं. आमचं जवळजवळ २ मिलिमीटरने वेगळं आलं. खाचांमधलं अंतर असायला हवं १२६ मिलिमीटर, ६ चकत्यांच्या जमान्यातलं माप ते. निघालं १२४. उजवी बाजू आत दबलेली.

मग दोन्ही खाचांत १० मिलिमीटरचे लांब बोल्ट नटांनी घट्ट आवळून बसवले, टोकं आत, समोरासमोर. खाचा समांतर असतील तर दोन्ही टोकं एकमेकांना नाकासमोर भेटतात. आमची टोकं भांडण झालेल्या जावांसारखी, एक इकडे बघतेय, एक तिकडे. अशा खाचांत एक्सल आवळला की तो आवळतानाच वाकतो. मग प्रत्येक फेऱ्याला थोडा इकडे, थोडा तिकडे. तार हलवून हलवून तोडतो ना आपण, अगदी तसं.

“ही फ्रेम उजव्या अंगावर पडलेली आहे,” बाबा म्हणाले.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ती कॉलेजच्या उतारावर पाडली होती. पावसात. उजव्या अंगावर. गुडघा फुटला होता तो बसमधून उतरताना फुटला असं सांगितलं होतं. मी आता नऊ वर्षांनी कबूल केलं. बाबा म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. उजव्या पायडलचं टोक घासलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”

बरं. पुढे.

प्रश्न असा होता की आता करायचं काय. पर्याय एक, कान सरळ करून, जुन्या धाटणीचं चाक शोधून, होती तशी करायची. पर्याय दोन, फ्रेम आणि चिमटा तेवढा ठेवायचा आणि बाकी सगळं नवं. पर्याय तीन, भंगार. आईचं मत तीन नंबरला होतं, तिने ते स्वयंपाकघरातूनच कळवलं. बाबांचं एक. माझं दोन.

बाबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. जुन्या गिअरच्या दांड्यांना खटके नसतात. दांडा हवा तेवढा ओढायचा, चेन बसल्याचा आवाज आला की थांबायचं. त्यामुळे चकत्या ५ असोत, ६ असोत, ८ असोत, केबल थोडी सैल झालेली असो, ते चालतं. “त्यात बिघडण्यासारखं काही नाही,” हे त्यांचं वाक्य. नव्यात सगळं एकमेकांच्या मापाला बांधलेलं. सॉफ्टवेअरवाले हसतील, पण डिपेंडन्सीचं जंजाळ काय असतं ते मला सायकलीने शिकवलं. ८ चकत्या हव्यात तर मागे १३० मिलिमीटर जागा हवी. जुनी चाकं २७ इंची, नवी ७००सी. नाव ऐकून वाटतं नवी मोठी असतील, तर नाही, रिमचा टायर बसतो तो व्यास ६३० ऐवजी ६२२, म्हणजे रिम ४ मिलिमीटर खाली गेली. ती खाली गेली म्हणजे ब्रेकचे रबर तिथपर्यंत पोचत नाहीत. मग लांब हाताचे ब्रेक हवेत. ते मिळतात, टेक्ट्रोचे ५५ ते ७३ मिलिमीटर पोच असलेले, पण नव्या ब्रेकचा नट फ्रेमच्या आत खोल बसतो, त्याला ८ मिलिमीटरचं भोक हवं, जुन्याला होतं बारीक. म्हणजे ड्रिल आणा. एक पॅकेज अपडेट केलं आणि सतरा ठिकाणी एरर.

पण मी दोन नंबरवर अडून बसलो. का, ते तेव्हा बाबांना सांगितलं नाही. शेवटी सांगतो.

पहिली लढाई झाली मधल्या बेअरिंगची, बॉटम ब्रॅकेट म्हणतात ते. पायडलचे दांडे जिथून फिरतात ती जागा. चाळीस वर्षांचा गंज. मी तीन व्हिडिओ बघून, मोठा पाना घेऊन, उजवीकडचा कप काढायला बसलो. जोर लावला, हलेना. पान्याला पाइप लावला, अजून जोर. बाबा खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसलेले. दहा मिनिटांनी मान न उचलता म्हणाले, “आवळतोयस.”

उजव्या कपाचे आटे उलटे असतात! इंग्लिश मापाच्या सायकलींत, आणि बहुतेक जगात आता तेच माप चालतं, उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, नाहीतर चालवता चालवता तो आपोआप सुटत जाईल. जुन्या इटालियन आणि बऱ्याच फ्रेंच सायकलींत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. आपली कुठली हे माहीतच नव्हतं, म्हणून बाबांनी डावा कप आधी काढायला लावला, आटे मोजले. इंचाला २४, नळीची रुंदी ६८ मिलिमीटर. इटालियन असती तर ७० असती. म्हणजे आपली बहुधा इंग्लिश मापाची, म्हणजे उजवी उलटी. बिल्ला नसलेल्या सायकलीची जात आम्ही अशी आट्यांवरून काढली.

कप तरीही निघेना. पाना घसरायचा. मग बाबांनी मला नाना पेठेत पाठवलं, अर्ध्या इंचाहून जाड लांब बोल्ट, नट आणि मोठ्या वॉशर आणायला. बोल्ट कपाच्या भोकातून घालायचा, दोन्हीकडून वॉशर, आतून नट, आणि गच्च आवळायचा. आता बोल्टचं डोकं सुलट्या दिशेने आवळत राहायचं. बोल्ट आवळतोय, अजून आवळतोय, मग एक क्षण असा येतो की अजून आवळायला जागाच नाही, आणि कप फिरायला लागतो. सुलट्या दिशेने फिरला म्हणजे उलट्या आट्यांचा कप सुटला. म्हणजे आवळायच्या जोरानेच सुटतो. तो ‘कर्रर्र’ आवाज आला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. त्या दिवसानंतर ते परत हातात घेतलंच नाही.

दुसरं मोठं काम म्हणजे फ्रेम रुंद करायची. १२४ वरून १३०. नीट ऐका, हे फक्त स्टीलच्या फ्रेमला करता येतं. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या वाटेला जाऊ नका, चिरेल. स्टील वाकतं आणि वाकलेलं राहतं, हा त्याचा मोठेपणा. व्हिडिओत लोक दोन खाचांमध्ये आट्यांची सळई घालून नट फिरवत दोन्ही बाजू ढकलतात. बाबांनी ते बघून नाक मुरडलं. “दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या असतात का? जी कमजोर ती आधी जाईल.” खरं होतं. उजव्या बाजूची नळी चकत्यांना जागा द्यायला चेपलेली असते. म्हणून एक-एक बाजू वेगळी. लांब लाकडी वासा फ्रेममध्ये घालून तरफेसारखा दाबायचा. मोजायचं. परत दाबायचं. दोरा लावायचा. परत मोजायचं. उजवी ४ मिलिमीटर बाहेर, डावी २. वासा दाबताना नळी भरपूर जाते आणि सोडली की जवळजवळ सगळी परत येते, पोटात गोळा येतो दर वेळी. बाबांची बोटं नळीवर ठेवलेली असायची. डावा हात. तो कमी थरथरतो. “बास,” म्हणाले की बास. एकदा मी “बास” नंतर थोडं जास्त दाबलं, तर पाऊण तास ते परत आत आणण्यात गेला.

मग खाचा समांतर केल्या. मग वाकलेला कान. त्याला एक सुरेख युक्ती आहे. डिरेलर बसायच्या भोकाचे आटे आणि बऱ्याच मागच्या चाकांच्या एक्सलचे आटे एकच, १० मिलिमीटर, १ चा पीच. म्हणून एक सुटं चाक त्या भोकात फिरवून बसवायचं आणि खऱ्या चाकाशी समांतर होईपर्यंत हळूच वाकवायचं. दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहिली की कान सरळ.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. शिमानो क्लॅरिस, ८ चकत्या, मागे ११ ते ३४ दात, पुढे ५० आणि ३४. आधी सगळ्यात हलका गिअर ४२ ला २८ होता, म्हणजे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे दीड. आता ३४ ला ३४, एकास एक. त्या जुन्या गिअरवर बाबा बोपदेव चढायचे याची मला नव्याने लाज वाटली. हँडलखालचे छर्रे नवे, वाट्या जुन्याच. हँडल जुनं, सीटची नळी जुनी. खर्च ४० हजारांच्या थोडा वर. हो, तेवढ्यात नवी कोरी सायकल येते. कॉमेंटमध्ये सांगू नका, आई सांगून झालीय.

आता ते ‘का’.

मागच्या वर्षी आजाराबद्दल वाचताना एक जुना रिपोर्ट सापडला होता. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. पार्किन्सन्स, दोन पावलं टाकली की पाय गोठायचे, आणि तोच माणूस सायकलवर बसवला की सरळ चालवत निघून जायचा. त्याचा व्हिडिओ आहे. मी तो इतक्या वेळा बघितला की शेवटी बायकोने फोन काढून घेतला. एक माणूस म्हणजे सगळे नव्हेत, हे मला कळतं. बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. त्या म्हणाल्या, रस्त्यावर अजिबात नाही, बंद मैदानात, औषधाचा अंमल असताना, शेजारी माणूस धावता ठेवून, आणि चढता-उतरताना धरून. आधी घरात स्टँडवर महिनाभर.

आणि म्हणून मला ते जुने दांडे नको होते. गिअर बदलायला एक हात सोडून गुडघ्याशी न्यायचा, आणि थरथरत्या बोटांनी आवाज ऐकत दांडा थांबवायचा, हे त्यांना जमणार नव्हतं. नव्यात हात ब्रेकवरच राहतो, बोटाने ढकललं की एक खटका, एक चकती. खटका थरथर मोजत नाही. हे मी त्यांना कसं सांगणार होतो?

सांगावं लागलंच नाही. केबल ओढून झाल्यावर सायकल स्टँडवर होती, मी पायडल फिरवत होतो, ते उजव्या लिव्हरवर बोट ठेवून खटके देत होते. खाली, खाली, वर, खाली. बराच वेळ. मग म्हणाले, “म्हणून होय.” आणि आत चहा प्यायला गेले.

महिनाभर स्टँडवर झालं. मागच्या शनिवारी, सकाळी सहाला, घरामागच्या शाळेच्या मैदानावर गेलो. परवानगी काढली होती. मैदानाच्या फाटकातून आत येताना त्यांचे पाय गोठले, दोन मिनिटं तिथेच उभे होतो, मी, ते आणि सायकल. मग ओट्यावर एक पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून बसले. मी सीट धरून धावलो. त्यांनीच मला असं शिकवलं होतं वगैरे म्हणायचा मोह होतोय, पण खरं म्हणजे मला सायकल मामाने शिकवली. बाबा तेव्हा सेकंड शिफ्टला असायचे.

अर्ध्या फेरीनंतर माझा दम संपला आणि हात सुटला. ते थांबले नाहीत. लांबच्या वळणावर गिअरचा खटका ऐकू आला, मग अजून एक. चार फेऱ्या झाल्या. मी शेजारी धावायच्या नावाखाली कोपरे कापत होतो.

उतरवून घेतलं तेव्हा घामाने भिजले होते. पाणी दिलं. मी वाट बघतोय काय म्हणतात.

“मागचा ब्रेक उजवीकडून घासतोय,” ते म्हणाले. “पाना आणलायस का?”

नव्हता आणला.